हवामान बदल विज्ञानाच्या तासाला शिकवू द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना नागपुरातून खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नागपुरात कोराडी मार्गावरील एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात शाळाभेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या वर्गातील तापमानाची नोंदवही चाळली आणि ‘अभ्यासक्रमाबाहेरचे हे उद्योग बंद करा, वृक्षारोपणाचे फोटो पोर्टलवर चढले का ते आधी पाहा’ असे मुलांच्या देखत मला सुनावले. हवामान बदल हा विषय कसा शिकवावा याचे प्रशिक्षण मिळेल, असे आश्वासन आम्हाला मागील वर्षी देण्यात आले होते. ते प्रशिक्षण झाले नाही. त्याच्या जागी ही समज मिळाली.

त्या नोंदवहीत काय होते, ते आपण ऐकून घ्यावे. दोन तापमापी, एक पत्र्याच्या छताखालील वर्गात आणि दुसरा आवारातील कडुनिंबाखाली. मुले पाळीपाळीने दुपारी नोंद घेत. वर्गातील पारा बहुतेक दिवशी झाडाखालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर असे. दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘मॅडम, मग खरे तापमान कोणते?’ यापेक्षा चांगला प्रश्न विज्ञानाच्या वर्गात क्वचितच विचारला जातो. त्यावरून आम्ही हवामान खात्याच्या हवेशीर लाकडी पेटीपर्यंत गेलो, ती जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर का ठेवतात ते पाहिले. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवले, ती बातमी देशभर पसरली आणि अखेर संवेदकात बिघाड असल्याचे हवामान खात्याने सांगितले, हेही मुलांनी त्याच तासाला तपासले. २३ मे २०१३ रोजी नोंदवलेला ४७.९ अंश हा नागपूरचा उच्चांक एका दिवसाचा आहे आणि हवामान बदल ठरवण्यासाठी साधारण तीस वर्षांच्या सरासरीची तुलना करावी लागते, हा फरक त्यांना पाठांतराने कधीच कळला नसता. हे जर अभ्यासक्रमाबाहेरचे असेल, तर अभ्यासक्रमाच्या आत आपण नेमके काय ठेवले आहे?

दहावीच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण आहे आणि ते वाईट नाही. मात्र आमच्या शाळेच्या गच्चीवरून कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राची धुरांडी दिसतात. तेथे ६६० मेगावॉटचे तीन संच चालतात, तेवढ्याच क्षमतेचे आणखी दोन प्रस्तावित आहेत, पलीकडे खापरखेड्याचे आणि काही तासांच्या अंतरावर चंद्रपूरचे वीज केंद्र आहे. कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एवढे सांगून मी मुलांना घरचे वीजबिल आणायला लावले. १२० युनिटचे बिल आणलेल्या मुलीने १२० किलो हा आकडा फळ्यावर लिहिला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘मग कोराडी बंद का करत नाहीत?’ आणि ज्याचे वडील तेथेच कंत्राटी कामगार आहेत, त्या मुलाने वळून विचारले, ‘मग बाबांनी कुठे जायचे?’ महोदय, हा प्रश्न टाळून पुढचा घटक घेणे मला शक्य नव्हते. मी दोन तासिका त्यावर घालवल्या आणि अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल बोलणी खाल्ली. अशा प्रश्नाला सामोरे कसे जायचे, हे शिकवणारे प्रशिक्षण आम्हाला हवे आहे. तीस मिनिटांची चित्रफीत आणि तिच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र नको आहे.

माझ्याविषयीही लिहिते, कारण ही केवळ माझी कहाणी नाही. शाळेत विज्ञानाचे एक पद रिक्त असल्याने त्या तुकड्याही माझ्याकडे आहेत. मतदार यादीच्या कामासाठी भर उन्हात घरोघर फिरताना मला चक्कर आली, सलाईन लावावे लागले, आणि दोन दिवसांनी काम अपूर्ण का, याचा खुलासा मागण्यात आला. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या एकाच वेळापत्रकात बसवण्यात आल्या. शिक्षकांनी आणि पालकांनी विदर्भाच्या उन्हाचा मुद्दा मांडूनही आमच्या मुलांना पत्र्याखाली बसावे लागले. माझ्या पर्यवेक्षणाखालील नववीची एक मुलगी उत्तरपत्रिकेवरच कोसळली. तिच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवून मी तिला वारा घालत होते, आणि वर्गातली बाकीची मुले पेपर सोडवत होती. ज्या पिढीला या उष्णतेत आयुष्य काढायचे आहे, तिला त्यामागचे विज्ञान शिकवण्यास आपल्या व्यवस्थेकडे वेळ नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

आणि हा संताप एका अधिकाऱ्यावरचा नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने पर्यावरणासाठी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. प्रत्येक वेळी शाळेपर्यंत पोहोचले ते दिवस साजरे करणे, शपथ आणि फोटो. दरम्यान २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली, सीबीएसई शाळांत शिकवली जाणारी पुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने सातवीतून हवामान व प्राण्यांचे अनुकूलन, दहावीतून ऊर्जेचे स्रोत आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन ही प्रकरणे काढून टाकली. आता आपण राज्याची पुस्तके सीबीएसईच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने बदलत आहात, म्हणून मला भीती वाटते. इटलीने २०१९ मध्ये वर्षाला ३३ तास हवामान बदलाच्या विषयासाठी ठेवण्याचे जाहीर केले. आमच्याकडे परीक्षेत गुण नसलेला विषय मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत कोणीही मनावर घेत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे, आणि तरीही मूल्यमापन शेवटच्या ओळीत ढकलले जाते.

नागपुरात नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, कापूस संशोधन संस्था आहे, रमण विज्ञान केंद्र आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी घरांत शिरले. त्या पावसाच्या नोंदी घेणारे तज्ज्ञ आमच्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर बसतात. त्यांना शाळेत आणण्यासाठी मला अद्याप एकही शासकीय मार्ग सापडलेला नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की नव्या पुस्तकांत सहावी ते दहावीच्या विज्ञानात हवामान बदल हा कारणे, मापन आणि ऊर्जा यांसह सलग घटक म्हणून यावा, त्याला प्रात्यक्षिकाचे आणि लेखी परीक्षेचे गुण असावेत, आणि पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी विज्ञान शिक्षकांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण प्रत्येक जिल्ह्यातील स्थानिक संशोधन संस्थांच्या मदतीने व्हावे. विदर्भातील परीक्षांचे वेळापत्रक येथील उन्हाळा पाहूनच ठरावे. यांपैकी जे शक्य नसेल, ते का शक्य नाही याचे लेखी उत्तर आपल्या कार्यालयाने द्यावे. मी ते माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर