जाहिरा म्हातारी झालीये रे

प्रिय मित्रा,

बाल्डर्स गेट थ्री हा कॉम्प्युटर गेम संपला एकदाचा, आणि फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच दुसरंच काहीतरी काढतोस म्हणून सरळ पत्र लिहितोय. तुझा प्रश्न एकच होता, हा खरंच आपण खेळायचो त्या दुसऱ्या भागाच्या पुढचा आहे का नुसतं नाव लावून काढलाय. पुढचाच आहे. मेन स्टोरीचा शेवट फोडत नाही, जुन्या मंडळींबद्दलच बोलतो, तुला तेच हवंय मला माहितीये.

बदललंय भरपूर. दुसरा भाग २००० चा, कॅनडातल्या बायोवेअरचा, हा २०२३ चा, बेल्जियममधल्या लेरियनचा, म्हणजे मधे २३ वर्षं आणि बनवणारी माणसंच वेगळी. सहा जणांची पार्टी, म्हणजे आपली टोळी, होती ती आता चार जणांची. स्पेसबार दाबून पॉज करत करत लढायचो ते गेलं, आता टर्न-बेस्ड, ज्याची पाळी त्यानेच हलायचं. कोथरूडला तुझ्या खोलीत आपण वहीच्या मागच्या पानावर थॅकोची, म्हणजे वार लागायला फाशात किती पडायला हवेत त्याची, आकडेमोड करत बसायचो आणि आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, मायनसमध्ये गेला की आरडाओरडा करायचो, आठवतंय ना, ते आता बरोब्बर उलटं आहे, आकडा जितका मोठा तितका चांगला. आणि फासा आता दिसतो. वीस बाजूंचा, स्क्रीनवर मोठा, कुलूप उघडताना, थाप मारताना, कुणाची समजूत काढताना. एक पडला की बोनस कितीही असू दे, काम फसलंच. मी ठरवूनच टाकलं होतं की सेव्ह लोड करायचं नाही, जे पडेल ते पडेल, आणि तू पण तसंच खेळ, कारण काम फसल्यावर जे सीन उघडतात ते इतके मन लावून लिहिलेत की लोड करून ते घालवले तर अर्धा गेम घालवल्यासारखं आहे.

आता जाहिरा, आपल्या जुन्या पार्टीतली ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारी. दुसऱ्या अंकात सगळा मुलुख सावल्यांच्या शापाखाली असतो, मधे लास्ट लाइट नावाची एकच सराय उजेडात तग धरून असते, तिथे पोचलो तर अंगणातच वेलींनी पाय जखडले आणि समोर ही उभी. केस पिकलेत, चेहऱ्यावर सुरकुत्या, हार्पर लोकांची, म्हणजे दुष्टांशी लढणाऱ्या गुप्त संघटनेची, प्रमुख झालीये. विश्वास बसेपर्यंत सोडलं नाही, मग प्यायला वाइन दिली तर तीत खरं बोलायला लावणारं औषध! आपलीच जाहिरा रे, तसूभर बदललेली नाही, आणि तरी पूर्ण बदललीये. गोष्टीत मधे शंभराहून जास्त वर्षं गेलीत, ती अर्धी एल्फ म्हणून एवढी जगली, पण जगली म्हणजे बाकीच्यांना जाताना बघत जगली. पहिल्या भागात ती आणि तिचा नवरा खालिद आपल्याला जोडीने भेटले होते, दुसऱ्याच्या सुरुवातीलाच इरेनिकस या व्हिलनच्या तळघरात खालिदचं प्रेत, तेव्हा तू खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होतास. ज्याने ते बघितलंय त्याला हिच्या प्रत्येक टोमण्यामागे ते ऐकू येतं. नव्या पोरांना ती एक भारी म्हातारी वाटेल, आपल्याला तसं वाटूच शकत नाही.

पुढे शहरात तिचं घर सापडतं, लोअर सिटीत. तिने मुलं दत्तक घेतलीत! घरभर त्यांचा पसारा, मोठी रायन तिच्यावर वैतागलेली, आणि जगाला वाचवणारी ही बाई पोरीसमोर गप्प. मला इथे खरंच भरून आलं. सीक्वेल म्हणजे जुनं पात्र आणून टाळ्या घेणं नव्हे, मधल्या वर्षांत त्या माणसाचं काय झालं ते सांगणं, आणि हे लेरियनने ज्या मायेने केलंय त्याला तोड नाही.

आपला जुना रेंजर, म्हणजे रानात वावरणारा लढवय्या, मिन्स्क पण आहे आणि त्याचा हॅमस्टर बू पण आहे! मिन्स्क मधली वर्षं दगडाचा पुतळा होऊन उभा होता त्यामुळे त्याचं वय वाढलेलंच नाही, तो आहे तसाच गडगडाटी आणि शेजारी पिकलेल्या केसांची जाहिरा, ते दोघं बोलायला लागले की मी काही न करता नुसता ऐकत उभा राहायचो.

एका गोष्टीचा मात्र राग आहे आणि तो जाणार नाही. आपल्या पार्टीतली व्हिकोनिया आणि पहिल्या भागाचा व्हिलन, पुढे आपल्यात आलेला सारेवोक. दोघं परत आलेत, पण सरळसरळ व्हिलन म्हणून, ती अंधाराची देवी शार हिच्या मठाची प्रमुख, तो खुनाचा देव भाल याच्या खुनी लोकांचा न्यायाधीश. अरे, दुसऱ्या भागात आणि त्याच्या एक्सपान्शनमध्ये आपण केवढा जीव लावून दोघांना वाटेवर आणलं होतं! ते घडलंच नाही असं धरून चाललेत. जाहिराला एवढं दिलं, मग व्हिकोनियाला चार वाक्यं तरी द्यायची होती. शिवाय तिसऱ्या अंकात शहर इतकं खच्चून भरलंय, गणपतीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत शिरल्यासारखं, की दहा कामं हातात आणि धड एकही पुढे सरकत नाही. पण शहर आहे जबरदस्त, पहिल्या भागानंतर बाल्डर्स गेटच्या गल्ल्यांतून पुन्हा फिरायला मिळणं यासाठी मी कितीही गर्दी सहन करीन.

तू सुरू करशील तेव्हा दोनच गोष्टी लक्षात ठेव. लास्ट लाइटवर हल्ला होतो तेव्हा बाकी सगळं सोडून इझोबेलला, सरायीवरचा उजेड टिकवणाऱ्या पुजारणीला, वाचव, ती गेली की तो उजेड गेला आणि जाहिरा पण हातची जाऊ शकते. आणि शहरात मिन्स्कला शोधायला जाशील तेव्हा जाहिराला पार्टीत घेऊनच जा, तिच्याशिवाय तो आपल्यात येत नाही. ड्रुइड किंवा रेंजर स्वतः होऊ नकोस, जाहिरा आणि मिन्स्क आहेतच, तू बार्ड, म्हणजे गाणारा-बोलबच्चन, घे, तुला थापा मारायला आवडतात आणि हा गेम थापांना भरपूर वाव देतो. दिवाळीला पुण्यात येशील तेव्हा कुठवर पोचलास ते सांग, मग व्हिकोनियाबद्दल सविस्तर भांडू.

तुझाच,
पार्टीतला जुना मेंबर