पत्राखालचा आकडा काढून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रलेखकाच्या नावाखाली, त्याची आजवर किती पत्रे आपल्या अंकात छापून आली, तो आकडा द्यायला आपण गेल्या रविवारपासून सुरुवात केली. काल त्याचे समर्थनही वाचले: इंटरनेटवर सगळीकडे असाच आकडा असतो आणि त्यावरून लिहिणाऱ्याचा अनुभव कळतो. आकडा असतो हे खरे. अनुभव कळतो हे साफ चूक.

रविवारचेच पान पुन्हा उघडून पाहा. सर्वांत वर, चौकटीत, १८७ आकड्याचे पत्र. खड्डे बुजवावेत, प्रशासनाने लक्ष घालावे. कोणत्या रस्त्यावरचे, कोणत्या दोन गावांमधले, काही नाही. पानाच्या तळाशी १ आकड्याचे पत्र, वाळवा तालुक्यातील एका हळद उत्पादक बाईंचे, आणि ते ऐन कामाच्या जागी तोडलेले. ‘हळद शिजली की नाही हे ओळखताना’ इथे वाक्य थांबते आणि पुढे तीन टिंबे.

टिंबांच्या जागी काय असणार हे हळदीचे काम करणारा कोणीही सांगेल. काढणीनंतर तीन-चार दिवसांत हळद शिजवायला घ्यावी. कढईत पाण्यात शिजवताना साधारण ४५ ते ६० मिनिटे लागतात. फेस वर येतो, पांढरी वाफ निघते आणि हळदीचा वास सुटतो. पण नुसत्या घड्याळावर विसंबू नये. बोथट काडी हळकुंडात टोचून पाहावी, ती सहज आत गेली की हळद झाली. जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होते. मग ५ ते ७ सेंटिमीटरचा थर पसरून १० ते १५ दिवस ऊन द्यायचे, रात्री ढीग करून झाकायचे. वाफेच्या कुकरवर वेळ कमी लागतो, काडीची परीक्षा तीच. एवढा मजकूर चार ओळींत बसला असता. त्या चार ओळी १८७ च्या चौकटीने खाल्ल्या.

आता इंटरनेटचे. तिथे आकडा आला कारण तो मोजायला फुकट पडतो. खात्याच्या नोंदीत एक रकाना असतो, सदस्याने काहीही लिहून साठवले की त्यात एक मिळवला जातो. वाचायला माणूस लागत नाही. शिवाय आकडा वाढताना दिसला की माणूस आणखी लिहितो, आणि लिखाण वाढले की जागा चालवणाऱ्याचा फायदा होतो. लिखाणाची पारख हा त्यामागचा हेतूच नव्हता.

विकिपीडियावर हे उघड दिसते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. एखाद्याने आठवडाभर बसून कृष्णा नदीवरचा अख्खा लेख वहीत तयार केला आणि एकदाच चढवला, तर त्याच्या नावावर संपादन एक. दुसऱ्याने त्याच लेखातले वीस अनुस्वार वीस वेळा साठवून दुरुस्त केले, तर संपादने वीस. पुढे लेखच वगळला गेला तरी त्या खात्याचा आकडा कमी होत नाही. म्हणून जाणकार आकडा पाहत नाहीत, लेखाचा ‘इतिहास’ उघडतात. तिथे प्रत्येक बदलापुढे किती बाइट (संगणकातले मजकुराचे माप) वाढले ते हिरव्यात आणि किती घटले ते लाल रंगात दिसते, किरकोळ बदलापुढे ‘छो’ अशी खूण असते.

बाइटही डोळे मिटून घ्यायचे नसतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा. ‘कृष्णा’ या शब्दाचे १८ बाइट होतात. तोच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांचा आणि सातच बाइटांचा. शिवाय ज्याने लेखातली खोटी माहिती काढून टाकली, त्याच्यापुढे लाल, उणे आकडा दिसतो. काम मात्र त्याचेच मोलाचे असते. शेवटी दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदलले ते वाचावेच लागते.

गुगलच्या नकाशांवर तर गुणच देतात. छायाचित्राला ५, अभिप्रायाला १०, अभिप्राय २०० अक्षरांच्या पुढे गेला तर आणखी १०, माहितीतली चूक सुधारली तर ५. एकूण २५० झाले की चौथी पातळी आणि नावाशेजारी बिल्ला. म्हणजे साताऱ्यात कंदी पेढ्यांचे ५० फोटो टाकले की बिल्ला मिळतो. मार्चमध्ये कासच्या पठारावर जाऊन ‘फुले नाहीत’ एवढे लिहिले तरी १० गुण. फुले ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात असतात ही दुरुस्ती करणाऱ्याला ५. नकाशा पाहून घराबाहेर पडणाऱ्याला यातली कोणती नोंद उपयोगी पडते?

२००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने जरा विचार केला होता. तिथे किती लिहिले ते मोजत नाहीत, इतरांनी काय मत दिले ते मोजतात. उत्तर पसंत पडले तर १० गुण, नापसंतीला २ वजा, आणि मतांमधून दिवसाला २०० पेक्षा जास्त मिळत नाहीत. तरी सोप्या प्रश्नाला सर्वांच्या आधी उत्तर देणारा भराभर वर जातो आणि अवघड प्रश्नावर दोन दिवस घालवणारा मागे राहतो. मते मोजूनही ही गत, मग नुसती पत्रे मोजून काय होणार?

आकड्याचा खरा उपयोग एकाच जागी आहे, अगदी तळाला. इंग्रजी विकिपीडियावर खाते चार दिवसांचे झाले आणि दहा संपादने झाली की काही बंधने आपोआप सुटतात. कालच उघडलेल्या खात्याने खोडसाळपणा करू नये म्हणून ही आडकाठी, आणि ती योग्य आहे. पण दहाच्या पुढे ११ काय नि ११ हजार काय, माणसाच्या जाणकारीबद्दल ती संख्या काहीच सांगत नाही. आपण नेमके उलटे केलेत. जिथे आकडा सावधगिरीसाठी वापरायचा तिथे त्याचे पदक केलेत, आणि नव्या माणसाला पानाच्या तळाशी ढकललेत.

सांगलीच्या बाजारात पोती हमाल मोजतो, पण खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. दूर जायला नको, शेजारच्या साताऱ्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. त्यात नोंदीखाली लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे असतात. त्याने किती नोंदी लिहिल्या हे तिथे छापलेले नसते. वाचणाऱ्याने नोंद वाचायची, पटली नाही तर नाव पाहून जाब विचारायचा.

आपल्याला आकडा हवाच असेल तर तो कचेरीच्या वहीत ठेवा. एकाच माणसाचे पत्र महिन्यात दोनदा जाऊ नये म्हणून तो कामाचा आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला फोन करून खात्री करून घ्यायलाही उपयोगी पडेल. अंकात मात्र गाव, तालुका आणि विषयाशी असलेला संबंध छापा: हळद उत्पादक, एसटी वाहक, पाणी वापर संस्थेचा सभासद. पत्र कितपत विश्वासाचे हे ठरवायला वाचकाला ते पुरते. आणि पत्र तोडायचे झाले तर प्रास्ताविक तोडा, कृती तोडू नका.

    

त्या बाईंचे पत्र येत्या रविवारी पूर्ण छापावे, वरच्या चौकटीत, आकड्याशिवाय. हळद शिजवण्याचे दिवस अजून सुरू आहेत. मार्च उलटल्यावर छापून उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, सांगली