बाबा, ते दोन लाख मी पाठवत नाहीये

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तो पडलेला आठ रुपयांचा शेअर आणखी घ्यायला तुम्ही मागितलेले दोन लाख मी पाठवत नाहीये. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पान उलटून शेवट बघालच. दादाकडेही मागू नका, आमचं बोलणं झालंय. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने लगेच "जेवलीस का" विचारून विषय संपवला असता. म्हणून लिहितेय.

पैसे नाहीत म्हणून नाही म्हणतेय, हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. तुमच्या गुडघ्यासाठी, आईच्या मोतीबिंदूसाठी, छपराच्या गळतीसाठी रात्री दोन वाजता फोन केलात तरी पैसे मिळतील. मागायलाही लागू नये अशी माझी इच्छा आहे. इन्व्हर्टरची नवी बॅटरी मी सांगून ठेवली आहे, माणूस येऊन बसवून जाईल, त्याला पैसे द्यायचे नाहीत. म्हणजे लाइट गेली तरी बाबांचा पंखा आणि आईचा टीव्ही चालू राहील. फक्त त्या शेअरसाठी पैसे नाहीत.

तुम्हाला त्यात काय दिसतं ते मला कळतं, खरंच कळतं. टायरवाल्या एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर, तिथे आपण दारातूनच परत. आणि इथे पाच-दहा हजारांत हजारभर शेअर नावावर. दोन रुपयांचे चार व्हायला असं काय लागतं, असं वाटणारच. पवनचक्क्यांच्या सुझलॉन कंपनीचा शेअर 2020 मध्ये दोन रुपयांच्या आसपास होता आणि 2024 मध्ये ऐंशीच्या वर गेला, हे तुम्ही मला निदान प्रत्येक सणाला सांगितलं आहे. खोटं नाहीच ते. पण आधीच्या मोठ्या तेजीत वरच्या भावाला तोच सुझलॉन घेऊन बसलेल्यांना तो दोन रुपयांपर्यंत घसरताना बघावा लागला, हे त्या शेअरच्या टिप्स देणाऱ्या टेलिग्रामवाल्या ग्रुपमध्ये कुणी सांगत नाही.

एल्सिड या गुंतवणूक कंपनीचं तुम्ही कापून ठेवलेलं कात्रणही आईने मला फोटो काढून पाठवलं. 29 ऑक्टोबर 2024, 3 रुपये 53 पैशांचा शेअर एका दिवसात 2 लाख 36 हजार 250. बाबा, ती लॉटरी नव्हती. त्या कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर आधीपासून पडून होते, म्हणून तिचं पुस्तकी मूल्यच (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरतं ते) एका शेअरमागे काही लाखांत होतं. तीन रुपयांना तो कुणी विकायलाच तयार नव्हता. शेवटी एक्स्चेंजने, म्हणजे शेअर बाजारानेच, खरा भाव ठरावा म्हणून वेगळा लिलाव घेतला, तेव्हा तो आकडा दिसला. तुम्ही शेअर घेतलेल्या कंपनीच्या कपाटात असं काय पडलंय? मी तिचा ताळेबंद उघडून पाहिला. लोकांकडून यायची येणी आहेत आणि कर्ज आहे.

मुळात कमी भाव म्हणजे स्वस्त, हेच मला पटत नाही. व्होडाफोन आयडिया घ्या. सरकारने थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतल्यापासून तिचे दहा हजार कोटींहून जास्त शेअर आहेत. सात रुपये भाव धरून गुणलं तर अख्खी कंपनी पंच्याहत्तर हजार कोटींच्या घरात जाते. एमआरएफचे शेअर आहेत जेमतेम बेचाळीस लाख. एक लाख तीस हजारांचा भाव धरला तरी पंचावन्न हजार कोटी. म्हणजे सात रुपयेवाली कंपनी महाग निघाली! हा हिशेब तुम्हाला मी शिकवावा, हे कसंसंच वाटतं. रविवारी पेपरातल्या भावांच्या रकान्यावर निळ्या पेन्सिलीने खुणा करताना तुम्ही मला मांडीवर घेऊन बसायचा. बारीक अक्षरं मी वाचायची आणि तुम्ही "आणि कालचा भाव?" विचारायचा. माझी वजाबाकी शाळेत नाही, तिथे पक्की झाली.

त्याच पेन्सिलीने आता हे करा. तुम्ही वीस हजार शेअर 14 रुपयांनी घेतलेत, 2 लाख 80 हजार गेले. आता 8 रुपये आहे, म्हणून आणखी पंचवीस हजार घेऊन ॲव्हरेज करायचं म्हणता. सरासरी 10 रुपये 67 पैसे येते, बरोबर. पण अडकलेली रक्कम 4 लाख 80 हजार होते, ती कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि 14 चे 8 कसे झाले ते आठवा. रोज पाच टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून खाली जाऊ देत नाहीत ती मर्यादा, अशी अकरा सत्रं. तुम्ही रोज सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकत होता आणि साडेतीनला ती तशीच परत येत होती, आईनेच सांगितलं मला. (तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं.) घेणारा नसेल तर भाव नुसता लिहिलेला असतो. आज तुम्हाला पंचवीस हजार शेअर चुटकीसरशी मिळतील, कारण तुमच्यासारखेच लोक विकायच्या रांगेत उभे आहेत. मला भीती वाटते ती याच सोयीची. 8 वरून पुन्हा 14 व्हायला पंचाहत्तर टक्के चढायला हवं, आणि तेही एक्स्चेंजने देखरेखीच्या यादीत टाकलेल्या शेअरने.

प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्साही मी पाहिला. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता येतो. वर्षभरात त्यांचा हिस्सा निम्म्यावर आलाय आणि उरलेल्यातले बरेचसे शेअर गहाण आहेत. ज्यांना कंपनी आतून माहीत आहे ते विकतायत, आणि टेलिग्रामवर कुणी सर "मोठी ऑर्डर येतेय" म्हणतात म्हणून आपण घ्यायचं? मार्च 2023 मध्ये बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने साधना ब्रॉडकास्ट कंपनीच्या शेअरचं प्रकरण बाहेर काढलं ते असंच होतं. यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ टाकले, अदानी ती कंपनी घेणार म्हणूनही सांगितलं. छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते ते पंचावन्न हजारांच्या वर गेले, आणि तेवढ्यात आधीच्यांनी आपला माल त्यांच्या गळ्यात मारला. त्या पंचावन्न हजारांत तुमच्यासारखे हिशेबी लोकही असतील.

कंपनी बुडत नाही, कुणीतरी घेईल, असंही तुम्ही म्हणालात. दिवाळखोरीत गेलेली घरकर्जाची डीएचएफएल कंपनी घेतलीच की पिरामलने, 2021 मध्ये. कर्ज देणाऱ्यांना त्यातून काहीतरी मिळालं. शेअरवाल्यांच्या वाट्याला शून्य आलं, शेअर बाजारातून निघून गेला.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. तुमच्या अकलेवर शंका घेत नाहीये हो. कराडच्या जागेच्या वेळी सगळे एका बाजूला असताना तुम्हीच बरोबर निघालात, नानाकाकासुद्धा ते मान्य करतात. आणि मला हेही दिसतं की ऑफिस सुटल्यापासून सव्वानऊ ते साडेतीन हा वेळ तुम्हाला त्या ॲपने भरून दिलाय. मी जवळ असते तर संध्याकाळी तुमच्याबरोबर कट्ट्यापर्यंत तरी आले असते. नाही जमत, आणि रोज ते टोचतं. म्हणून अगदी बंद करा असं म्हणत नाही. दहा हजार ठेवा खेळायला. ते गेले तर गेले, मी विचारणार नाही. पण पेन्शनचे, ग्रॅच्युइटीचे आणि आईच्या बांगड्या मोडून आलेले पैसे त्या खात्यात जाणार नाहीत.

आता कामं. एक, तुमची एफडी पिकतेय ती टपालातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला खात्यात येतं, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. फॉर्म दादा आणून देईल, आईचं नाव जोडीला घाला. दुसरं, डिमॅटला, म्हणजे शेअर ठेवलेल्या खात्याला, नॉमिनी लावलेला नाही. लाजू नका, अशुभ काही नसतं त्यात, हे काम याच आठवड्यात करा. तिसरं, ओटीपी आणि टीपिन (शेअर विकताना लागणारा गुप्त आकडा) कुणालाही सांगायचा नाही, शेजारच्या त्या मुलालाही नाही, कितीही गोड असला तरी. आणि ट्रंकेतले जुने कागदी शेअर फेकू नका. त्या काळातल्या कंपन्या एवढ्या गायब झाल्या की सरकारला त्यांची यादी करावी लागली, पण एखादी अजून चालू असेल. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. गणपतीत येते तेव्हा आपण दोघं बसून एकेक कागद बघू. चष्म्याचा नंबर मात्र त्याआधी बदलून घ्या, मोबाइल नाकाला लावून बघता ते आईने सांगितलंय.

आहेत ते वीस हजार शेअर पुन्हा कधी घेणारे दिसले की निम्मे तरी काढा, भाव आवडला नाही तरी. मला फोन करा, सोबत बसून ऑर्डर टाकू. रागावलात तरी फोन करा.

आई, तू थायरॉइडची गोळी चहानंतर घेतेस असं कळलं. उपाशीपोटी घ्यायची असते ती. आणि बाबांना साखर न घातलेला चहा देताना डब्याकडे लक्ष ठेव.

तुमची,
ताई

ता. क. बॅटरीवाला आला की जुनी त्यालाच परत द्यायची, तिचे पैसे बिलात वजा झालेत. बाबा, ती भंगारवाल्याला विकू नका.