पंचांगाच्या चौकटीत एक ओळ आकाशासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात रोज बारा राशींचं भविष्य येतं आणि त्याच्या शेजारी बोटभर उंचीच्या चौकटीत पंचांग. माझी मागणी त्या चौकटीबद्दल आहे. भविष्य बंद करा असं म्हणत नाही, आमच्या घरी ते बातम्यांच्या आधी वाचलं जातं.

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. मुक्कामी गाडी असली की उन्हाळ्यात टपावर पथारी टाकायची. पाटणच्या पलीकडच्या वाड्यांवर तेव्हा अंधार असा असायचा की आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायची. एवढं आकाश फुकटात पाहिलं, पण सप्तर्षी सोडून एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. निवृत्त झालो आणि एका जूनमध्ये गावाहून भावाचा फोन आला, "मृग निघाला, पेरणीचं बघतोय." नात शेजारीच होती. म्हणाली, "आजोबा, मृग कुठंय, दाखवा." दोघं गच्चीवर गेलो. ढग तुरळक होते, तरी तासभर मान मोडून काहीच हाती लागलं नाही.

लागणार कसं? मृग निघाला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. त्या दिवसांत मृगातले तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. ते पाहायचे तर डिसेंबरात, जेवणं उरकल्यावर पूर्वेकडे. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. त्या बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. जन्मभर ऐकलेली नक्षत्रांची नावं एका रेषेत समोर उभी राहिली, तेव्हा मी साठी ओलांडलेली होती.

मध्यंतरी एक चूक केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. ऑनलाइन दुर्बीण मागवली. खोक्यावर '५२५ पट' छापलेलं, भिंग ६० मिलिमीटरचं. नंतर कळलं की भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंतच वाढवलेलं चित्र कामाचं असतं, म्हणजे फार तर १२० पट. तिकाटणं इतकं लटपटीत की गुरू आत नाचायचा. ती आता माळ्यावर आहे. त्याऐवजी एका परिचिताकडून जुना दहा-पन्नासचा (दहा पट, पन्नास मिलिमीटरच्या भिंगांचा) बायनॉक्युलर आणला, कोपर कठड्यावर टेकवले आणि गुरूशेजारी बारीक ठिपके दिसले, ते त्याचे चंद्र. नातीने सहा रात्री वहीत ठिपके मांडले, रोज त्यांची जागा वेगळी. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं.

आता चौकटीकडे येतो. एके दिवशी तुमच्या अंकात 'चंद्रनक्षत्र रोहिणी' वाचलं आणि संध्याकाळी सहज वर पाहिलं, तर चंद्राच्या अगदी जवळ तोच तांबूस तारा! म्हणजे तुम्ही रोज नकाशाच छापत होता, आम्हाला तो वाचता येत नव्हता. चंद्र सत्तावीस दिवसांच्या आसपास एक फेरी पुरी करतो, दिवसाला साधारण एक नक्षत्र. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांच्या आसपास, माघातली मघांच्या, चैत्रातली चित्रेच्या, म्हणून महिन्यांची ही नावं. फसगतही होते. स्वाती चंद्राच्या वाटेपासून तीस अंश उत्तरेला आहे. पंचांगात स्वाती असलं तरी तो तारा चंद्राजवळ शोधायला जाऊ नये, मी गेलो होतो.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथल्या मुलांना हात धरून दाखवणारं कुणी आहे. कराडसारख्या गावात दारात येतो तो पेपर. म्हणून विनंती, त्या चौकटीत एक ओळ वाढवा. 'आज चंद्र मघांजवळ', 'शुक्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला', एवढीच. नक्षत्र कोणतं ते तुम्ही छापताच, ते कुठे बघायचं तेवढं सांगा. आणि महिन्यातून एका रविवारी पाव पानाचा आकाशाचा नकाशा द्या. सोबत हेही छापा की बॅटरीवर लाल पतंगाचा कागद लावावा आणि अंधारात वीस-पंचवीस मिनिटं मोबाइलला हात लावू नये, नाहीतर डोळे सरावत नाहीत. ध्रुव शोधायला हात लांब करून मूठ धरावी, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. कराडहून तो उत्तरेला क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर आहे, कारण आमचा अक्षांशच तेवढा. (आमच्या गच्चीवरून तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी येते, तो भाग वेगळा.)

नकाशा छापलात तर मुद्रितशोधकांना आधीच सांगून ठेवा. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, त्यामुळे उत्तर वर असली की पूर्व डावीकडे येते. मीही आधी ती छपाईची चूक समजून पेनाने दुरुस्त केली होती.

आपला,
एक निवृत्त वाहक, कराड