ऑपरेटिंग सिस्टीम फक्त वहीतच का?

महोदय,

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय आम्ही सत्रभर वहीतच शिकलो. प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रॅमना, आळीपाळीने वेळ देणाऱ्या राउंड रॉबिनचे तक्ते आखले, प्रोसेस एकमेकींत अडकून पडू नयेत म्हणून संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी मांडलेला बँकर्स अल्गोरिदम गणितासारखा सोडवला. पण प्रोसेस जन्मते कशी, ते पाहिलेच नाही. सुटीत जुन्या लॅपटॉपवर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने शिकवण्यासाठी तयार केलेली एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेतली. मोफत आहे, कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, १०,००० ओळींच्याही आतले, म्हणजे खरोखर वाचून संपणारे. नवी प्रोसेस जन्माला घालणारा ‘फोर्क’ हा सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) आहे; त्याला एकदा बोलावले की तो दोनदा परततो: पालक प्रोसेसला बाळाचा क्रमांक मिळतो, बाळाला ०. हे पडद्यावर उमटले तेव्हा रात्रीचे २ वाजले होते. आईला उठवून दाखवले.

विद्यापीठाने प्रात्यक्षिकात प्रत्येकाकडून एक तरी सिस्टीम कॉल लिहून घ्यावा. वेगळे यंत्र लागत नाही, संगणकातच दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा मोफत क्यूईएमयू पुरतो.

– संगणक अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, सांगली