लीळाचरित्र शिकवतेय, म्हणून हे पत्र

ती. नाना आणि आई,
दंडवत प्रणाम.

परवा फोनवर नाना नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि फोन तुझ्याकडं दिला, आई. नानांचं ते रागातलं ‘बरं’ मला चांगलं कळतं. म्हणून लिहितेय. फोनवर मधेच रेंज जाते आणि अर्धं बोलणं भांडणासारखं ऐकू येतं.

तर होय, आपल्या महानुभाव पंथाची पोथी, म्हाइंभटांनी लिहिलेलं चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र, यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मीच शिकवतेय. विभागात विचारलं, मी हो म्हणाले, तास सुरूही झाले. आता मागं घेणार नाही. मामांनी तुम्हाला काय सांगितलं असेल त्याचा अंदाज आहे. कॉलेजात पोथीची चिरफाड करतात, पोरं चपला घालून वाचतात. नाना, चपला असतात, बाकावर बसल्यावर दुसरं काय होणार? पण पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, हे मी पहिल्याच तासाला सांगितलं. कारण सांगितलं नाही, नुसतं सांगितलं, आणि पोरं ऐकतात. घरची पोथी लाल फडक्यात आहे तशी आहे, तिला मी हात लावलेला नाही. वर्गात छापील पुस्तकाच्या झेरॉक्स फिरतात.

काय करतो आम्ही, ते तरी ऐका. लहानपणी मी तुमच्या मांडीवर बसून सशाची लीळा ऐकायचे आणि कुत्री आली की रडायचे. तीच वर्गात घेतली. ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो, शिकारी मागं येतात, ससा मागतात, स्वामी म्हणतात हा शरण आलाय. म्हाइंभट कुठंही मधे येऊन स्वामी किती दयाळू होते ते सांगत बसत नाहीत. कोण कुठं बसलं, कोण काय बोललं, एवढंच, तेही आखूड आखूड वाक्यांत. तरी मागच्या बाकावरचा, कायम मोबाइलमध्ये तोंड घातलेला पोरगा मान वर करून ऐकत होता. न सांगता हे कसं साधलं, हे बारकाईनं बघायचं, याला आमच्याकडं साहित्य म्हणून वाचणं म्हणतात. यात चिरफाड कुठली, सांगा बरं.

आणि पाठभेदांवरून, म्हणजे एकाच लीळेची दोन वेगळी सांगणं मी वर्गात दाखवते यावरून, तुम्ही रागावलात, ते मला सगळ्यात नवल वाटलं. शके 1200 च्या आसपास म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्यानं पाहिलं त्यालाच जाऊन विचारलं, हे तुम्हीच वट्ट्यावर बसून सांगायचात ना? पुढं पोथ्या हरवल्या, मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून सांगितलं. हिराइसा एक म्हणते, दुसरा कुणी दुसरं म्हणतो, आणि पोथी दोन्ही जपून ठेवते. खोडत नाही कुणालाच. आम्ही वर्गात त्या दोन पाठांपुढं थांबतो, यात पोथीचा अपमान कसा होईल? पूर्वजांनी ती सकळ लिपीत, पंथाच्या गुप्त अक्षरांत, झाकून ठेवली, त्यालाही कारणं होती, काळ तसा होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इतिहाससंशोधक राजवाड्यांना ती लिपी उलगडली. आता झाकायला काय उरलंय, नाना? उलट पोरं वाचतील तर बरंच. आपल्या गेवराईकडचा एक आहे, म्हणाला, मॅडम, पैठण, राक्षसभुवन, ही तर आमच्या एस.टी.च्या रस्त्यावरची नावं आहेत. त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर बसतो.

एक मात्र तुम्हाला लागेल. वर्गात मी ‘चक्रधरस्वामी’ म्हणते. ‘परमेश्वर’ म्हणत नाही, आणि नाहीत असंही म्हणत नाही. समोर माळकऱ्यांची, मुसलमानांची, बौद्धांची, सगळ्या घरांची लेकरं असतात, आणि मला पेपर तपासायचेत, श्रद्धा नाही. एकीनं विचारलंच, मॅडम, तुम्ही मानता का? मी म्हणाले, घरी ये, मग सांगते. तुमच्यासमोर बसले की मी दंडवत घालते, तशीच घालणार. त्यात काही बदललेलं नाही. काकूच्या वेळचा अबोला आता नको. आपल्या दोघांनाही तो झेपणार नाही.

आई, तुला तर वाईट वाटायचं कारणच नाही. केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा त्यांच्या गुरूंनी, स्वामींचे शिष्य भटोबासांनी, अडवलं, का तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांना काही कळणार नाही. त्या म्हाताऱ्यांत तू आलीस. स्वामींची शिष्या महदाइसा तर त्यांना सारखं काहीतरी विचारायची आणि स्वामी तिचं कौतुक करायचे. तूही स्वयंपाक करता करता नानांना विचारत राहायचीस, ‘मग बाइसा काय म्हणाली?’ नाना कधी रागवायचे नाहीत. हेच प्रश्न माझ्या मुली विचारतात. स्वामींची सेवा करणाऱ्या बाइसेचं त्यांच्या जेवणाकडं एवढं लक्ष का, यावर त्यांनी अख्खा तास घालवला, मी थांबवलं नाही.

आता नीट ऐका. नाना, देवळात जाताना पायरीपर्यंत चप्पल घालायचीच. शुगर असलेल्या माणसानं पावसाळ्यात अनवाणी फिरायचं नसतं. बोटाजवळची जखम अजून ओली आहे, हे मला कळलंय, कुणी सांगितलं ते विचारू नका. रोज रात्री आईकडून तळपाय बघून घ्यायचे. डोळ्याचे थेंब संपले असतील तर पंढरीला तालुक्याला पाठवा, चिठ्ठी टीव्हीखालच्या डब्यात आहे. मीटरचा दिवा लाल झाला म्हणून बोअर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, वायरमनला फोन करा. आई, वट्ट्यावर शेवाळ आलंय, तिथं कपडे धुवायला बसू नकोस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतला नव्हता. दूध वाढवून घ्या, पैसे मी टाकलेत, ‘कशाला’ म्हणायचं नाही.

स्वामींचा अवतारदिन भाद्रपद शुद्ध द्वितीयेला आहे. रजा टाकलीय, आदल्या रात्रीच्या गाडीनं येते. उपहाराचा, म्हणजे नैवेद्याचा, शिधा मी आणेन, तुम्ही दोघं गेवराईच्या बाजारात जाऊ नका.

आणि नाना, तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही काढून ठेवा. महंतांकडं ऐकलेलं तुम्ही पेन्सिलीनं टिपलंय, कडेला ‘पाठ वेगळा’ असंही लिहिलंय, मी पाहिलंय. उत्तरार्धातले काही शब्द माझ्या कोशात मिळत नाहीत आणि पुढच्या महिन्यात मला ते शिकवायचेत. रागात असलात तरी चालेल, अर्थ तेवढा सांगा. आई, त्यांना आठवण कर. धपाटे मात्र मी आल्यावर करू, तू आधीच थापत बसू नकोस.

तुमची,
लेक