बाबांच्या डी-डायमरबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या डी-डायमर रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. ६४० भोवती लाल पेनाचं गोल आणि खाली तुमच्या वळणदार अक्षरात ‘गुठळी?’. आई म्हणाली, त्या रात्री तुम्ही झोपलाच नाहीत. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते आहे.

रक्तात गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला लागतं. तेव्हा तिचे जे बारीक तुकडे सुटतात, ते ही टेस्ट मोजते. पण जखम भरताना, ताप-खोकल्यात, ऑपरेशननंतर, गरोदरपणात, कॅन्सरमध्ये, नुसत्या वयानेसुद्धा हे तुकडे वाढतात. तुमचा छातीतला कफ अजून पुरता सुटलेला नाही. म्हणजे आकडा वर जायला निमित्त घरातच आहे.

ही टेस्ट ‘नाही’ म्हणायच्या कामाची. पाय बघून, विचारपूस करून डॉक्टरांना शंका कमीच वाटत असेल आणि आकडाही कमी आला, तर गुठळी नाही असं धरून चालतात. आकडा जास्त आला म्हणून मात्र ‘आहे’ असं कुणी म्हणत नाही. शंका असेल तर पायाची डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) करतात, फुप्फुसाची शंका असेल तर सीटी. तुमच्या पायाला काही झालेलं नसताना पॅकेजमध्ये ही टेस्ट घुसडायची गरजच नव्हती, हे माझं स्पष्ट मत.

रिपोर्टवर मर्यादा ५०० छापली आहे. पन्नाशीनंतर बरेच डॉक्टर वयाला दहाने गुणून मर्यादा धरतात. तुम्ही ७१ चे, म्हणजे ७१०. शेजारच्या काकांचा ०.४२ आला म्हणून हिरमुसू नका, त्यांच्या लॅबने मायक्रोग्रॅममध्ये लिहिलंय. तुमच्या मापात, म्हणजे नॅनोग्रॅममध्ये, ते ४२० होतात. काही लॅब तर वेगळ्याच एककात मोजतात, तिथे मर्यादाच २५० च्या आसपास असते. तेव्हा एकक बघितल्याशिवाय दोन रिपोर्ट शेजारी ठेवायचे नाहीत. आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी टेस्ट) करून यायची घाई नको. ती वॉरफॅरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांची मोजणी, गुठळी आहे की नाही हे तिच्यातून कळत नाही.

आई, काकांकडची रक्त पातळ करायची गोळी बाबांना द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. दांडिया बाजारातल्या आपल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि ते सांगतील तसंच करा. कमाटीबागेतलं फिरणं बंद करायचं कारण मला तरी दिसत नाही, पण तेही त्यांना विचारून घ्या.

लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर: एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर, तेल लावून चोळत बसायचं नाही. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करा.

आई, तुझी शिवणाची टेप काढ. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोज. ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. नसेल तर दोन्ही मापं मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. बाबांना मोजायला देऊ नकोस, ते टेप घट्ट ओढतील.

तुमची,
मनू